स्पेअर रूममध्ये काही नको

तिन्ही कोटेशनं टेबलावर पसरून सुनीती पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागली, आणि पुन्हा तिला काही उमगलं नाही. घर तेच, न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधलं, लाकडी, जमिनीपासून दोन फूट उचललेलं. राहणारी माणसं तीनच. तरी पहिला कंत्राटदार म्हणत होता नऊ रेडिएटर लागतील, दुसरा सात, तिसरा सहा. पहिल्याचं गॅसवर, दुसऱ्याचं विजेच्या हीट पंपावर, आणि तिसरा, हेमी नावाचा, म्हणाला होता, "दोन्ही चालतं, तुम्ही ठरवा." ठरवता आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं बाबा, असं तिला तेव्हाच म्हणावंसं वाटलं होतं.

दीड वर्षाच्या लेकीला, अबोलीला, मे महिन्यापासून, म्हणजे इथला हिवाळा लागल्यापासून, खोकला होता. डॉक्टरांनी सांगितलं, औषध देते, पण ती झोपते ती खोली कोरडी ठेवा आणि रात्रभर वीस अंशांवर राहू द्या. लाउंजमधल्या हीट पंपाची ऊब बोळापर्यंत पोचायच्या आतच संपायची. म्हणून हे भिंतीला लावायचे, आतून गरम पाणी फिरणारे रेडिएटर. नवऱ्याने, शुभमने, बँकेशी बोलून अठरा हजार डॉलर मंजूर करून घेतले आणि बाकीचं तिच्यावर सोपवून तो डेअरी कंपनीच्या लॅबमध्ये निघून गेला. एकदा पाइप भिंतीत गेले की चूक निस्तरायला पुढचे पैसे नव्हते, आणि पुढचा हिवाळा अबोलीच्या छातीला परवडणारा नव्हता.

अठरा हजारांत हेमीचं कोटेशनच बसत होतं, तेही सुनीतीने एक खोली कमी करायला लावल्यावर. "स्पेअर रूममध्ये काही नको," असं तिने त्याला फोनवर ठामपणे सांगितलं होतं. तीन वाजता तो सही घ्यायला येणार होता.

दोन वाजता साताऱ्याहून सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला. तात्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेलेली.

"रेडिएटर? गाडीचा गेला का काय?"

"गाडीचा नाही तात्या, घराचा. खोल्या गरम करायला."

"हां. म्हणजे पाणी फिरणार. मग गळणार कुठनं ते आधी विचार त्याला. आणि हे बघ, इंजिन केवढं ते नंतर. गाडी कुठल्या घाटात चालवायची ते आधी. पोरगी झोपते कुठं?"

"तिच्या खोलीत मोठा लावतोय ना. पिवळ्या खोलीत."

"पिवळ्या?" तात्या चष्मा वर सारून स्क्रीनजवळ आले. "काल तर तू मागच्या खोलीतनं बोलत होतीस. गाद्या घातल्यावत्या खाली. पोरगी तुमच्या दोघांच्या मधी लोळत होती."

सुनीतीने मान वळवून मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"अगं आवाज येतोय का?"

"येतोय तात्या. नंतर करते."

ती उठून मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. भिंतीशी रचून ठेवलेल्या तीन गाद्या, वर गोधड्या, खिडकीच्या काचेवरून ओघळलेलं पाणी, कोपऱ्यात पुन्हा उगवलेले बुरशीचे काळे ठिपके. स्पेअर रूम. हे नाव कुणी दिलं? तिनेच. अबोली सहा आठवड्यांची असताना घरी तपासायला आलेल्या नर्सने विचारलं होतं, बाळ कुठे झोपतं. इथे बाळाला वेगळं झोपवायचा दंडक; बाळ मधे घेऊन झोपतो म्हटलं तर ती काय लिहील कोण जाणे, म्हणून सुनीतीने पिवळी खोली दाखवली. पिवळ्या भिंती, पांढरी कॉट, सशाचा दिवा. नर्स खूश. तेव्हापासून कुणी यायचं असलं की गाद्या भिंतीला, आणि ही खोली स्पेअर. तिन्ही कंत्राटदारांना तिने असंच घर फिरवून दाखवलं होतं, आणि कागदावर ते इतक्यांदा वाचलं की तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. कॉटमध्ये आजवर झोपले होते ते फक्त घडी घातलेले कपडे.

हेमी वेळेवर आला. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून त्याने बूट बाहेरच काढले. "मग, सही?"

"थोडं बदलायचंय," सुनीती त्याला मागच्या खोलीत नेत म्हणाली. "स्पेअर रूममध्ये एक हवा. मोठा."

हेमीने वही उघडली. "पाहुणे येतायत?"

"नाही."

"मग एक गंमत सांगू? स्पेअर रूमच्या खिडकीला एवढं पाणी कधी नसतं. आलो त्या दिवशीच वाटलं, इथे माणसं झोपतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही स्पेअर म्हणालात. घर तुमचं."

सुनीतीने भिंतीशी रचलेल्या गाद्यांकडे हात केला. "ती इथे झोपते," ती म्हणाली. "आम्ही सगळेच. ओळीने, खाली."

"आम्ही मराएवर, आमच्या माओरी सभाघरात, जमलो की असेच," हेमी म्हणाला. "माझी आजी, काका, तीस-चाळीस जण, गाद्यांना गाद्या लावून. घोरण्याचंच काय ते दुःख." त्याने टेपने खिडकीखालची भिंत मोजली. "पण तिघांचा श्वास म्हणजे तिघांची वाफ. नुसती ऊब पुरणार नाही, सकाळी दहा मिनिटं खिडकी उघडायची. आणि गादी इथून दोन हात लांब."

"थंडीत खिडकी उघडायची? पैसे देऊन गरम केलेल्या खोलीची?"

"हो."

हे काही तिला पटलं नाही, पण तिने मान हलवली. ती विचारत गेली आणि तो खोडत गेला. मोठ्या बेडरूममधला गेला, तिथे फक्त शुभमची इस्त्री आणि बॅगा होत्या. पिवळ्या खोलीतला सगळ्यात महाग, तोही गेला. बेरीज अठरा हजारांच्या आतच राहिली. इतकी सोपी असेल तर पंधरा दिवस आपण काय करत होतो, हेच तिला कळेना.

"पिवळ्या खोलीत पाइपचं तोंड काढून बंद करून ठेवू का?" हेमीने विचारलं. "थोडेच पैसे पडतील. पुढे ती तिकडे झोपायला लागली की जोडता येईल. कधी साधारण?"

सुनीतीने पायाशी आलेल्या अबोलीला कडेवर घेऊन विचारलं, "काय गं, तिकडे कॉटमध्ये झोपणार?"

"नो कॉट," अबोली म्हणाली आणि तिने आईच्या मानेत तोंड खुपसलं.

हेमी पेन धरून थांबला होता. पाच वर्षांनी? शाळेत गेल्यावर? सुनीती स्वतः कोणत्या वयात आईच्या शेजारून उठली होती ते आठवेना. बहुतेक लग्नाच्या आदल्या रात्रीही तिथेच होती.

"तोंड काढून ठेवा," ती म्हणाली. "तारखेचं काही सांगता येणार नाही."

"स्वीट ॲज, एकदम ठीक," म्हणून त्याने कोटेशनवरचं 'स्पेअर' खोडलं आणि त्या जागी काय लिहायचं म्हणून तिच्याकडे पाहिलं. सुनीतीने पेन त्याच्या हातातून घेतलं, 'अबोलीची खोली' असं इंग्रजीत लिहिलं, क्षणभर थांबून त्याच्या पुढे 'आणि आमची' असं लिहिलं, आणि मग खाली सही केली.