चार बोटं आखूड

मी कात्री बोलतेय. घरातली, नखं आणि धागे कापणारी लहानखुरी नव्हे बरं का. कापडदुकानातली, लांब पात्यांची, उचलली की मनगटाला वजन कळावं अशी. धार होती तोवर मी दोनच गोष्टी कापल्या. आधी कापड, मग कागद. आणि त्या कागदांनी त्या कापडाच्या मालकाचं काय केलं, ते मनातून जात नाही, म्हणून बोलते.

माझा जन्म भट्टीतला. दोन पाती वेगवेगळी ठोकली आणि एका खिळ्यात अडकवली. लग्नच म्हणा ना. तिथून मी आले थेट मालकांच्या हातात. मालक म्हणजे गोल चेहऱ्याचा, बाह्या दुमडलेला, गिऱ्हाइकाला आधी बसायला सांगून मग काय हवं ते विचारणारा माणूस. ते तागा उलगडायचे, लोखंडी गजाने मोजायचे, नखाने खूण करायचे आणि खुणेच्या पुढे चार बोटं सरकून मला लावायचे. प्रत्येक वेळी. पडदा असो की शर्ट, ओळखीचा असो की वाटसरू.

शेजारचा दुकानदार म्हणायचा, "अहो, असं वाटत सुटलात तर दुकान गुंडाळाल एक दिवस!"

"दिवसभर तागेच गुंडाळतोय की," मालक म्हणायचे. "कापड धुतलं की आटतं. माझ्याकडचं कापड नेऊन कुणी शिंप्यापुढे ओशाळं होऊ नये, एवढंच."

मालकांची धाकटी बहीण बेबीताई. तिचं लग्न वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या गृहस्थांशी झालं. मालक त्यांना भाऊजी म्हणायचे, म्हणून माझेही ते भाऊजीच. लग्नानंतर दोघं दुकानात आली. भाऊजी म्हणाले, "हाफ शर्टाचं द्या, दादा. पूर्ण बाह्यांत उकडतं मला." मालकांनी मापलं, चार बोटं जास्त धरली आणि मी कापलं. वाटेत भाऊजींचा विचार फिरला. शिंप्याकडे जाऊन म्हणाले, पूर्ण बाह्यांचा शिव. तो म्हणाला, एवढ्यात कसा निघणार? दुसऱ्या दिवशी बेबीताईने हा प्रकार दुकानात सांगितला, सगळे पोट धरून हसले आणि मालकांनी दुसरं कापड फाडून दिलं. किस्सा एवढाच. ह्याच्या वर एक धागाही नाही.

पुढे मालकांनी नवी कात्री घेतली, तेव्हा बेबीताई म्हणाली, "दादा, ही जुनी मला दे ना. ह्यांची कात्रणं कापायला घरात धड काही नाही." अशी मी लेखकाच्या घरी नांदायला गेले.

भाऊजींचं सदर दर रविवारी येई. माणूस गोड, शब्द त्याहून गोड. बेबीताई सकाळी चहाच्या आधी त्यांचा लेख कापायची, कडा सरळ आल्या की स्वतःशीच हसायची आणि विषयवार पाकिटात ठेवायची. मलाही मान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. पुस्तकांचं कपाट भाऊजींच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर, तरी उठून बघायचा त्यांना कंटाळा. एकदा त्यांनी अमावास्येच्या रात्री चंद्रग्रहण लावलं. एका वाचकाने पत्र लिहिलं की साहेब, अमावास्येला चंद्रच नसतो, ग्रहण लागलं कशाला? भाऊजी म्हणाले, "वाचक भाव बघतो, कॅलेंडर नाही बघत." एका हयात गवयाला त्यांनी कैलासवासी केलं, त्या गवयाने स्वतः फोन करून "मी बोलतोय" म्हटलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "बघा, माझ्या लेखाने आयुष्य वाढलं तुमचं!" फोनवर तोही हसला. असं हसून निभावत गेलं.

विषय सुचला नाही की भाऊजी पाकिटं उघडायचे. जुन्या लेखातला परिच्छेद माझ्याकडून कापून घ्यायचे, कोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायचे, वर दोन ताज्या ओळी, खाली दोन. झाला लेख. कचेरीतून उपसंपादकाचा फोन यायचा, "साहेब, हे मागेही येऊन गेलंय वाटतं."

"आवडलेलं गाणं तुम्ही एकदाच ऐकता का हो?" भाऊजी विचारायचे, आणि लेख तसाच छापून यायचा.

अशाच एका रविवारी त्यांनी मेहुण्यांवर लेख लिहिला. त्यात छापलं होतं: 'आमच्या मेहुण्याचं कापडाचं दुकान आहे. त्याचा गज चार बोटं आखूड. माझ्या लग्नातल्या शर्टाच्या बाह्या अजून कोपराशीच आहेत.'

बेबीताईने वाचलं आणि मला खाली ठेवलं. "अहो, हाफ शर्टाचं कापड तुम्हीच मागितलं होतं ना? मी होते तिथे."

"हाफ शर्टात कसला आलाय विनोद? गंमत आहे गं. दादाच जास्त हसतील, बघ."

मालक हसले खरे. घरी येऊन म्हणाले, "भाऊजी, दुकान गाजवलंत हो!" तिथेच थांबलं असतं तर मी आज तोंड उघडलं नसतं. पण किस्सा वाचकांना आवडला. मग तो महागाईवरच्या लेखात आला. प्रामाणिकपणावरच्या लेखात आला. मुलांच्या वाढत्या उंचीवर लिहितानाही आला. दर वेळी मीच तो कापला. शर्टाचा कोट झाला, शिंप्याच्या तोंडी एक फर्डा संवाद आला, फक्त गज आखूडचा आखूड राहिला. ज्या पात्यांनी मी ती चार बोटं जास्तीची कापली, त्याच पात्यांनी मी ती कमी असल्याचं कापत होते. मला पाती दोन आहेत, पण जीभ एकही नाही.

दुकानात काय चाललंय ते बेबीताईच्या बोलण्यातून कळायचं. आधी गिऱ्हाइकं थट्टा करायची. मग घरून टेप घेऊन यायला लागली. एका शाळेने गणवेशाचं काम दुसरीकडे दिलं. कुणीतरी तक्रार केली म्हणून मापं तपासणारे साहेब आले, गज लावून पाहिला, शिक्का मारून गेले. ते तपासायला आले हे साऱ्या रस्त्याने पाहिलं. काही सापडलं नाही, हे कुणीच पाहिलं नाही.

मग एका संध्याकाळी मालक आले. चेहरा उतरलेला होता. चहा तसाच ठेवून म्हणाले, "भाऊजी, एक मागणं आहे. ते चुकून लिहिलं गेलं, एवढं एकदा छापा. मुलगी आता गल्ल्यावर बसते. तिला तोंडावर बोलतात लोक."

"अहो दादा, वाचकांना कळतं हो, विनोद आहे तो."

"विनोदाचं मला वावडं नाही. पण आमच्याकडे उरल्यासुरल्या मालाचा ढीग वेगळा लावतात, त्यावर कटपीस अशी पाटी असते. तुमच्या मालावर पाटीच नाही. लोक नवं आणि खरं समजून नेतात."

भाऊजी वरमले. "पुढच्या रविवारी लिहितो," म्हणाले. मनापासून म्हणाले, मी ऐकलंय. पण पुढच्या रविवारी कुठलंसं भाषण निघालं, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे. खुलासा लिहायचा तर नवा लिहावा लागतो ना, तो पाकिटात तयार नसतो. मालक मधूनमधून बहिणीला विचारायचे, "बेबी, आलं का गं छापून?" मग त्यांनी अंथरूण धरलं. मग विचारणंही थांबलं.

मालक गेले तेव्हा भाऊजी लहान मुलासारखे रडले. खोटं नव्हतं ते. कचेरीतून फोन आला, मृत्युलेख तासाभरात हवा. भाऊजी लिहायला बसले, पण हात चालेना, डोळे भरून येत होते. सवयीने त्यांनी पाकीट ओढलं. सवयीने मला उचललं. मी खिळ्याशी घट्ट व्हायला पाहिलं, पण कागदापुढे माझं काय चालणार?

छापून आलं: 'गज चार बोटं आखूड असलेल्या ह्या माणसाचं मन मात्र गजाने मोजता येणार नाही एवढं मोठं होतं.'

बेबीताईने ते दोनदा वाचलं. तिने लेख कापला नाही. ओल्या फडक्याने माझ्या पात्यांवरचा डिंक पुसत ती म्हणाली, "अहो, शेवटचं तरी खरं लिहायचं होतंत." भाऊजींना आधी कळेचना, आपलं काय चुकलं. कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले.

बेबीताईने मला दुकानात परत आणलं. मालकांच्या मुलीने तागा ओढून मला चालवून पाहिलं. कापड चुरगळलं, कापेना. "आत्या, हिने कागद कापलाय. आता ही कापड चावते." तेव्हापासून मी गल्ल्याशेजारी असते, पार्सलची सुतळी कापते. मुलगी गज लावते, गिऱ्हाइकाला वाकून बघायला सांगते आणि बरोबर खुणेवर कापते. जास्त दिलं तर काहीतरी लपवतेय म्हणतात, असं ती एकदा आत्याला सांगत होती.

काही दिवसांनी भाऊजी आले. गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहिले, त्यांची पाळी आली तेव्हा पुढे झाले.

"बाळ, ह्या रविवारी लिहितो. सगळं. चुकलो म्हणून स्पष्ट लिहितो."

तिने कापडाची घडी घालता घालता म्हटलं, "नको, आतोबा. तुम्ही चुकलो म्हणून लिहाल, त्यासाठी तो किस्सा पुन्हा सांगाल. लोक किस्साच वाचतील."

"मग मी करू तरी काय?"

तिने मागच्या बाईंना विचारलं, "तुम्हाला काय दाखवू?" भाऊजी बाजूला झाले. मग रस्ता ओलांडून निघून गेले.

वाचकहो, माझी धार गेली आहे, लिहिणाऱ्यांना मी काय सांगणार? तुम्हालाच सांगते. रविवारी एखादा किस्सा वाचून मनापासून हसाल, हसा. पण त्याच वेळी त्या किस्स्यातला माणूस कुठेतरी आपल्या दुकानाचं दार उघडत असतो, आणि आज कोण काय बोलेल म्हणून रस्त्याकडे बघत असतो.