उलट्या आट्यांचा नट

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकणावर खडूने लिहिलेला एकच शब्द : बाद.

एक हिरवी गाडी. तिचे पुढचे डावे चाक जमिनीपासून चार बोटे वर. खाली जॅक, आणि जॅकवर भरवसा नको म्हणून शेजारी लाकडाचा ठोकळा.

पार्सलने आलेले पाच नवेकोरे नट. सोबत चिठ्ठी : ‘हे डावीकडे लावावेत.’

लेकीने वडिलांच्या हातातून हळूच काढून घेतलेला पाना.

“हलतच नाही मेला. सगळ्यांनी करून बघितलं.”

मित्रांनो, हे शेवटचे वाक्य माझ्याविषयी आहे. मी एक जुना नट आहे, मोटारीच्या चाकाचा. सहा कोपरे, मधे भोक, भोकाच्या आत आटे. तुम्ही बाटलीचे झाकण फिरवता ना, तसेच मलाही फिरवतात. फरक एवढाच की माझे आटे उलटे आहेत. सारे जग ज्या बाजूला फिरवले की सैल होते, त्या बाजूला फिरवले की मी घट्ट होतो. हा माझा हट्ट नाही. मला तसेच घडवले.

त्या काळी काही गाड्यांच्या डाव्या चाकांना मुद्दाम असे नट लावत. पळत्या चाकाबरोबर साधा नट हळूहळू सैल पडेल, अशी घडवणाऱ्यांना धास्ती होती. आमची ओळख पटावी म्हणून त्यांनी माझ्या प्रत्येक कोपऱ्यावर एक बारीक खाच पाडली. खाच दिसली की समजायचे, हा उलटा. गॅरेजमधले लोक आम्हाला लाडाने ‘डावखुरे’ म्हणत.

एका डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीवर मी एकोणीस वर्षे होतो. चाकातून बाहेर आलेल्या लोखंडी दांड्याला स्टड म्हणतात. माझ्या स्टडवर मी बसलेला, आणि शेजारी माझी चार भावंडे. कौतुक म्हणाल तर ते हॉर्नचे व्हायचे, सीटच्या कव्हराचे व्हायचे. नटाचे कौतुक कोण करणार? चाक निघून गेले नाही, हेच आमचे कौतुक.

मग डॉक्टर थकले, गाडी थकली आणि भंगारात गेली. तिथे दोन दणकट माणसे माझ्यावर तुटून पडली. पान्याला लांब पाइप लावला. एक जण तर पाइपवर उभा राहून नाचला. पण ते मला रोजच्या सवयीने फिरवत होते. जितका त्यांचा जोर, तितका मी घट्ट. “गंजून जाम झालाय,” असे म्हणत त्यांनी कापायचे मशीन आणले. भावंडांचे तुकडे झाले. मी तेवढा माझ्या स्टडसकट सुटून बाजूला पडलो.

भंगारवाल्या मावशींनी मला उचलले, करकचून फिरवून पाहिले आणि त्या बिस्किटांच्या डब्यात टाकले. अकरा वर्षे. खाच कोणीही नीट पाहिली नाही. ज्यांनी पाहिली, त्यांना वाटले की पाना घसरून कोपरे खरचटले असावेत.

(इथे गोष्ट जरा बाजूला वळते. मी नट आहे. पुढे सरकायचे तर मला वळावेच लागते. आता जे सांगतो ते मला नंतर कळले, हिरव्या गाडीवरच्या नटांकडून.)

ती हिरवी गाडी नर्सबाईंची. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरोघर जाऊन त्या पट्ट्या बदलत, औषधे देत. गाडी त्यांना सोमवारी सकाळी हवी होती. गॅरेज एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे आणि त्यांच्या लेकीचे. चाळीस वर्षांत मिस्त्रींनी किती जणांना शिकवले असेल, “डावं चाक असेल तर आधी खाच बघ, मग हात लाव.” लेकही त्यांच्याच हाताखाली तयार झालेली.

त्या दिवशी लेक गाडीखाली होती. मिस्त्रींनी डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला, नेहमीच्या बाजूला फिरवला, हलेना म्हणून पाइप लावला आणि सारे वजन टाकले. कट्. स्टड मुळातून मोडला. त्याच्यावरचा नट उडून भिंतीवर आपटला आणि चिरला.

लेक सरपटत बाहेर आली. “बाबा, डावं चाक आहे ना हे?”

मिस्त्रींनी चाकाकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. “हो की गं.”

महिन्यातली ही तिसरी चूक होती. आधी एका गाडीचे ऑइल भरायचे राहिले होते, दुसरीच्या ब्रेकचा एक पाइप नुसताच अडकवून ठेवला होता. दोन्ही वेळा लेकीने वेळेवर पाहिले म्हणून निभावले. तिने त्यांच्या हातातून पाना काढून घेतला.

“बाबा, ही गाडी झाली की तुम्ही काउंटरवर बसा. फोन घ्या. चाकांना हात नको.”

“काउंटरवर? मी काय फुलदाणी आहे?”

“फुलदाणी पडली तर फुटते. चाक निघालं तर माणूस जातं.”

यावर मिस्त्री हात पुसत राहिले. पुसायला हाताला काही लागलेले नव्हते.

त्या गाडीचा कारखाना (माझ्या डॉक्टरांची गाडीही तिथलीच) बंद पडून जमाना झाला होता. उलट्या आट्यांचा नट आणि त्याचा स्टड मिळावा म्हणून लेकीने फोनवर फोन लावले.

“उलट्या आट्यांचा? पोरी, सकाळी सकाळी थट्टा करतेस का?”

“उलटा म्हणजे कसा, पालथा?”

एका दुकानदाराने ठामपणे सांगितले, “डावीकडचे ना? आहेत की!” दुसऱ्या दिवशी पार्सल आले. पाचही नट साधे, सरळ आट्यांचे. चिठ्ठीने नट डावखुरा होत नाही, मित्रांनो. लेकीने डोक्याला हात लावला. शनिवार उजाडला तेव्हा एकच जागा उरली होती, मावशींचे भंगार.

“मीही येतो,” मिस्त्री म्हणाले. “चालायला तरी परवानगी आहे ना?”

मावशींनी त्यांना फाटकातूनच ओळखले. “या मिस्त्री! आहात म्हणायचं अजून!”

“तुझ्या भंगारात माझा नंबर लागायचाय.”

“लावते की. पण तुमच्यात कामाचा पार्ट एक तरी उरलाय का?”

दोघे खळखळून हसले. लेक हसली नाही. तिने काय हवे ते सांगितले. मावशींनी चार खोकी उपसली, मान हलवली, आणि शेवटी नाइलाजाने माझा डबा टेबलावर उपडा केला. “हे सगळं बाद आहे हं. आधीच सांगते.”

गंजलेल्या ढिगात मिस्त्रींचा हात फिरू लागला. स्टडसकट असलेला मी एकटाच. त्यांनी मला उचलले.

“तो हलतच नाही मेला,” मावशी म्हणाल्या. “सगळ्यांनी करून बघितलं.”

मिस्त्रींनी माझा स्टड टेबलाच्या शिकंज्यात आवळला. रॉकेलचे दोन थेंब सोडले. पाना लावला. कोणत्या बाजूला फिरवायचे ते लेकीला पक्के ठाऊक होते. एक शब्द सांगितला असता तर काम झाले असते. पण तिने ओठ घट्ट मिटले आणि वडिलांच्या मनगटाकडे पाहत राहिली.

पाना नेहमीच्या बाजूला वळला.

मला अकरा वर्षांपूर्वीचा तो पाइप आठवला. लेकीने डोळे खाली केले. मिस्त्रींनी जोर लावला, मी आणखी आवळलो. त्यांनी पकड बदलण्यासाठी डावा हात माझ्यावर टेकवला आणि अंगठा माझ्या कोपऱ्यावर आला. तो तिथेच थांबला. पुढच्या कोपऱ्यावर गेला. मग त्याच्या पुढच्या.

“अरे,” मिस्त्री माझ्याशीच बोलले, “तू डावखुरा होय!”

त्यांनी पाना उचलून दुसऱ्या बाजूने लावला. मी एकदा कुरकुरलो, थोडा गंज सांडला, आणि मित्रांनो, मी फिरलो. लोण्यासारखा नाही, खोटे कशाला सांगू? पण फिरलो.

मावशींनी तोंडावर हात ठेवला. “अगं बाई! म्हणजे इतके दिवस आम्ही त्याला घट्टच करत होतो?”

“आणि वर बाद म्हणत होतात,” मिस्त्री म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी मिस्त्रींच्या खिशात होतो.

“आधी चुकलात ना?” लेकीने विचारले.

“चुकलो.”

“मग?”

“मी विसरलो होतो गं. अंगठा नव्हता विसरला.”

लेक चालता चालता म्हणाली, “चाकांना हात लावा. पण मी शेजारी असताना. आणि पाना फिरवायच्या आधी चाक कुठलं, खाच आहे की नाही, बाजू कुठली, सगळं मोठ्याने म्हणायचं.”

“या वयात तोंडी परीक्षा?”

“रोज.”

“आणि नापास झालो तर?”

“तर मी फिरवीन. तुम्ही सांगायचं.”

रविवारी दुपारी मिस्त्रींनी माझा स्टड हिरव्या गाडीत बसवला, चाक चढवले आणि मला हातात धरून शाळेतल्या मुलासारखे म्हटले, “डावं चाक. खाच आहे. घड्याळाच्या उलट फिरवलं की घट्ट.” लेकीने मान डोलावली. मी जागेवर बसलो. शेजारच्या चौघांनी मला सरकून जागा दिली असती, पण आमच्यात सरकणे बरे नसते.

सोमवारी नर्सबाई आल्या. “स्टड मोडला होता म्हणे? कोणी मोडला?”

मिस्त्रींनी तोंड उघडले होते. लेक आधी बोलली, “माझ्या हातून.”

“जपून गं बाई,” नर्सबाई म्हणाल्या, आणि गाडी सुरू झाली.

मित्रांनो, आता मी रोज फिरतो. आजाऱ्यांच्या दारांपर्यंत जातो, उन्हात थांबतो, परत येतो. मला तुमच्याकडे एकच मागायचे आहे. एखादी वस्तू हलेनाशी झाली तर तिच्यावर लगेच पाइप लावून नाचू नका. बाद लिहिण्याची घाई करू नका. आधी तिच्यावरून अंगठा फिरवा. कदाचित कोणीतरी तिथे खूण ठेवलेली असेल. आणि माणसांच्या बाबतीत तर अंगठा जरा सावकाशच फिरवा.

लेक गॅरेजमध्ये कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात तिनेही एका गाडीचा डावा स्टड मोडला होता, आणि तो आपल्या हातून मोडला असे मिस्त्रींनी त्या गाडीच्या मालकाला सांगितले होते.