पॅड अजून बसायचेत

होयबाला सगळे होयबाच म्हणत, आणि त्यावरही तो "बरं" म्हणत असे. बस डेपोत हरवलेल्या वस्तूंची खिडकी होती, तिथे त्याची नोकरी. कुणीही यावं, ती काळी छत्री माझी म्हणावं, की होयबाने काढून दिलीच. मग खरा मालक आला की त्याला दुसऱ्याची. अशा माणसाच्या मोटरसायकलचे ब्रेक पॅड संपले तर बदलायला किती वेळ लागावा? तुम्ही-आम्ही अर्ध्या तासात उरकून मोकळे होऊ. होयबाने त्या पॅडांपायी घरात अबोला आणला, बायकोला पायी चालायला लावलं आणि नको असताना दाढी करून घेतली.

दाढीपासूनच सांगतो. पुढचे पॅड इतके झिजले होते की आतला पत्रा चाकाच्या डिस्कला घासायचा, आणि मागच्या ब्रेकचं तर नावच काढू नका. पण होयबाने थांबायची स्वतःची पद्धत शोधली होती. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. त्या दुकानाच्या बरंच आधी, बेकरीपाशी, तो इंजिन बंद करायचा, दोन्ही पाय खाली सोडायचा आणि बूट घासत घासत दारात पोचायचा. पॅडांऐवजी बूट झिजत होते, त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. एका सकाळी बेकरीवाल्याने रस्ता धुतला होता. बूट सरसर घसरले, गाडी चष्म्याच्या दुकानावरून शांतपणे पुढे गेली, शेजारच्या सलूनच्या उघड्या दारातून आत शिरली आणि रिकाम्या खुर्चीला टेकून थांबली.

सलूनवाल्याने रुमाल झटकला. "दाढी की केस?"

होयबा घरून गुळगुळीत दाढी करून निघालेला. "बरं, दाढी," तो म्हणाला.

बायको मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसून होती. साबण लावून होईपर्यंत तिने कळ काढली, मग उतरली. "पॅड बदलल्याशिवाय मी या गाडीवर बसायची नाही," आरशातल्या नवऱ्याला तिने सांगितलं, आणि ती गेली.

तुम्ही म्हणाल, मग बसली नाही तर काय बिघडलं? सगळंच बिघडलं. त्यांचं घर दोन खोल्यांचं, त्यात आई आणि काका. त्या घरात भिंतींना कान असायची गरज नव्हती, काका होते. बायकोने स्वयंपाकघरात हळूच म्हणावं, "अरे, आज दुकानात काय गंमत झाली," की बाहेरच्या खोलीतून काका विचारणार, "काय झाली?" आणि आई म्हणणार, "आधी त्याला जेवू दे." दोघांचं म्हणून जे काही बोलणं होतं ते गाडीवर. जाता-येता ती त्याच्या हेल्मेटला हेल्मेट टेकवायची आणि सांगत सुटायची. त्या रस्त्यावर होयबा नुसतं "बरं" म्हणायचा नाही. तो विचारायचा, वाद घालायचा, एकदा तर चक्क भांडला होता. त्यांचा संसार काय तो त्या सीटवर होता, आणि तीच आता रिकामी होती. बायको पायी जायची, पायी यायची, गप्प जेवायची आणि झोपायची. होयबाला करमेना. घर भरलेलं असून त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

गॅरेजवाल्याने त्याच्यासमोर दोन डबे ठेवले. एकात मऊ पॅड, अलगद धरणारे आणि आवाज न करणारे. दुसऱ्यात कडक, दाबले की जागच्या जागी थांबवणारे. "कुठले घालू?"

आता हा प्रश्न होयबाला विचारायचा का? "घरी दाखवून आणतो," तो म्हणाला, आणि दोन्ही डबे घेऊन गेला.

जेवणाच्या टेबलावर चारही पॅड मांडले गेले. आई जन्मभर शिवणकाम केलेली. तिने चष्मा लावला आणि एकेका पॅडवरून अंगठा फिरवला, कापड बघावं तसा. "हे मऊच चांगले. थांबावं कसं, कुणाला कळूसुद्धा नये."

"कळलंच पाहिजे," काका म्हणाले. काकांनी मोटरसायकलला कधी हात लावला नव्हता, पण सरकारी इमारतीत उभा जन्म लिफ्ट चालवली होती. "थांबणं म्हणजे काय ते मला विचारा. माझी लिफ्ट मजल्याला बोटभरही वर-खाली थांबली नाही. कडक घाल."

"लिफ्टमध्ये माणसं डोळे मिटून उभी राहायची, ती उगाच का?"

"त्यांचा माझ्यावर विश्वास होता, वहिनी."

त्यानंतर आई आणि काका एकमेकांशी बोलेनात. मीठ हवं असलं तरी होयबामार्फत मागायचे. शेजारचे येऊन पॅड हातात घेऊन बघून जायचे आणि मत देऊन जायचे. टेबलावर जागा नाही म्हणून सगळेजण ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले, पण पॅड कुणी हलवेना. बायको ते सगळं बघायची आणि भांडी घासायला निघून जायची. तिला कुणीच काही विचारलं नाही.

शेवटी होयबाला तोडगा सुचला. डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. एक आईचा, एक काकांचा. संपला प्रश्न.

गॅरेजवाल्याने हात जोडले. "अहो, ती जोडी असते. दोघांनी मिळून धरायचं, सारखं झिजायचं. एक मऊ, एक कडक घातला तर गाडी थांबेल का भांडेल?"

"घरचा मामला आहे हो."

"मग घरीच बसवा."

होयबाने अंगणात बसून, नख फोडून, पिना काढून-घालून ते बसवले. मग आईला म्हणाला, "तुझा बसवला." काकांना म्हणाला, "तुमचा बसवला." दोन्ही वेळा खरंच बोलला. आईने काकांना स्वतःच्या हाताने चहा दिला. आणि बायको काही न बोलता हेल्मेट घालून मागे येऊन बसली. किती दिवसांनी मागे वजन आलं. होयबाचा ऊर भरून आला.

"तर त्या गुरुवारी काय झालं," हेल्मेट टेकवून बायकोने सुरुवात केली. तिने सगळं साठवून ठेवलं होतं, अगदी पहिल्यापासून.

आता नवे पॅड घातले की निघण्याआधी ब्रेकचा लिव्हर चार-पाचदा दाबून घ्यायचा असतो, नाहीतर पहिल्या दाबाला हाती काहीच लागत नाही. गॅरेजवाल्याने केलं असतं तर त्याने दाबला असता. होयबाने बेकरीपाशी पहिल्यांदा लिव्हर दाबला, तो थेट मुठीला टेकला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा पॅडांनी धरलं, पण काय तो आवाज. आई आणि काका एकदमच बोलायला लागले की जसं होतं, अगदी तसं. गाडी थरथरत, किंचाळत चष्म्याच्या दुकानावरून पुढे गेली आणि सलूनच्या खुर्चीला जाऊन टेकली.

सलूनवाल्याने रुमाल झटकला. "दाढी की केस?"

मागून बायको म्हणाली, "एक आईंचा आणि एक काकांचा घातलास ना?"

होयबाने मान डोलावली.

"त्या दोघांपैकी या गाडीवर बसतं कोण?"

होयबाने आरशात पाहिलं. हेल्मेटच्या काचेआड ती रडत होती, आणि ते पाहून त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. एवढे दिवस त्याने सगळ्या गल्लीला विचारलं होतं.

"दाढी करू ना?" सलूनवाल्याने साबण घुसळला.

"नको," होयबा म्हणाला.

सलूनवाल्याचा ब्रश हवेतच राहिला. होयबालाही आपलाच आवाज नवा वाटला. तो मागे वळला. "तुला कुठले हवेत?"

"मला कुठलेही चालतील," बायकोने नाक पुसलं. "फक्त दोन्ही एकाच डब्यातले घाल."

गॅरेजवाल्याने एका डब्यातले घातले, लिव्हर दाबून दाखवला आणि म्हणाला, "नवे आहेत, डिस्कवर बसायला वेळ घेतील. थोडे दिवस रोज फिरवा, सावकाश, हलका ब्रेक मारत. घाई केलीत तर वाया गेले समजा."

घरी गेल्यावर आई आणि काकांनी एका सुरात विचारलं, "शेवटी कुणाचे घातले?"

"हिचे," होयबा म्हणाला. तो लगेच पुढे म्हणाला, "आणि ते अजून बसायचेत. रोज संध्याकाळी गाडी फिरवून आणावी लागेल. दोघांनी. मागे वजन लागतं."

"लागतंच," काका गंभीरपणे म्हणाले. "लिफ्टसुद्धा वजन ठेवूनच तपासतात."

तेव्हापासून दोघं रोज निघायची. नदीवरून, गोदामांच्या मागून, जिथे थांबायचं काही कारण नाही तिथे थांबत थांबत. गुरुवार संपला, मग शुक्रवार, मग चालू आठवड्यापर्यंत बोलणं येऊन पोचलं आणि तरी संपेना. आई दारातून विचारायची, "बसले का रे पॅड?" होयबा म्हणायचा, "अजून नाही, आई." उन्हाळा गेला, थंडी आली, पॅड बसतच होते.

एक दिवस पुन्हा तो जुना घासल्याचा आवाज आला. गॅरेजवाल्याने चाकापाशी वाकून पाहिलं. "अहो, हे संपले. साफ झिजलेत, पण दोन्ही अगदी सारखे."

होयबाने बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. "असलेच घाला," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने हेल्मेट हातातच धरून सांगितलं, "आई, पॅड नवे टाकलेत. आता पहिल्यापासून बसवावे लागतील."

आई सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. "बसवा सावकाश. तुझ्या वडिलांच्या सायकलची चेनसुद्धा अशीच पडायची. रोज संध्याकाळी, वर्षभर. आम्हाला घरी यायला उशीर व्हायचा."

"वर्षभर?" काका टीव्हीसमोरून म्हणाले. "ती चेन मी स्वतः तपासली होती, वहिनी. तिला काहीसुद्धा झालेलं नव्हतं."