नक्की का, आत्या?

"आधी त्यो मास्क काढ, मंग आत्याशी बोल," म्हणत मनिषानं हात पुढं केला, तशी आरोही मागं सरकून दाराच्या चौकटीला टेकली. मनिषाची नऊ वर्षांची पोर. दोऱ्या काचून कानांमागं चट्टे उठले होते, त्यांवर हळद लावलेली होती.

वर्षाराणीनं भावजयीला खुणेनंच थांबवलं. पुण्याच्या एका संस्थेत ती संशोधक होती. मुलांना मास्क लावल्यानं आजार कितपत अडतो, यावरचे देशोदेशींचे अभ्यास तपासणं हेच तिचं काम. शाळा कधीच सुरू झाल्या होत्या, इथं आष्टीत आता कुणाच्याच तोंडावर मास्क उरला नव्हता. एकट्या आरोहीच्या होता. झोपेतसुद्धा.

"ताई, आता तूच सांग हिला," ओसरीत उकिडवा बसलेला वर्षाराणीचा धाकटा भाऊ, आरोहीचा बाप सोमेश्वर म्हणाला. "डॉक्टर झाले, देवऋषी झाला. पोरगी वाळून चालली. आई करोनात गेली तवा माझ्या तोंडून गेलं, हिनं मास्क काढून आजीला मिठी मारली म्हून झालं समदं. रागात बोललो गं. आता हिच्या पाया पडलो तरी ऐकंना. तू शिकल्याली हायेस. हिच्यामुळं न्हाई झालं, पुरावा हाय म्हून सांग."

पुरावा तिच्याकडं नव्हता. मुलांवरचे अभ्यास मोजकेच, आणि तेही एकमेकांशी न जुळणारे. कुठं फायदा दिसे, कुठं दिसत नसे. आईला, भिवराबाईला, कुणाच्या श्वासातून काय लागलं, हे तर जगातला कुठलाच अभ्यास सांगणार नव्हता. सोमेश्वरच्या दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्तीला घेऊन दिवसभर माणसं येत. त्यांतल्या कुणाकडूनही आलं असेल. आरोहीकडूनही.

ती पोरीसमोर खाली बसली.

"आजी तुझ्यामुळं गेली नाही, बाळा."

"नक्की का, आत्या?"

मास्कच्या वर नुसते डोळे. संस्थेत असं कुणी विचारलं की 'सांगता येत नाही' हेच तिचं उत्तर असे. आताही तेच ओठांवर आलं. तिनं ते गिळलं, पण गिळायला एक क्षण लागलाच.

"नक्की."

"मधी थांबलीस तू," आरोही म्हणाली.

वर्षाराणीनं तिचे हात धरले. "कुणालाच ठाऊक नाही गं. मलाही नाही."

"मंग नक्की कावून म्हनलीस?"

मनिषा तोंडाला पदर लावून आत गेली. सोमेश्वर जमिनीकडं बघत राहिला.

दुपारी पानं वाढली. आरोहीनं आपलं ताट उचललं, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडं तोंड केलं आणि मास्क बोटभर उचलून भाकरीचा तुकडा आत सारला. चावून होईपर्यंत मास्क पुन्हा खाली.

वर्षाराणी आपलं ताट घेऊन उठली. पोरीच्या पाठीला पाठ लावून बसली. आरोही जरा आखडली, पण सरकली नाही. भाकरी चावताना होणारी तिच्या पाठीची बारीक हालचाल वर्षाराणीला जाणवत राहिली. तिच्या स्वतःच्या ताटातली भाकरी तशीच होती.