माशांनी सोडलेली जागा

अणदूरजवळच्या मळ्यात पार्वतम्माच्या शेततळ्यातले मासे तीन दिवसांपासून वेड्यासारखे वागत होते. एरवी पेंड टाकली की नुसती झुंबड उडायची. आता रोहूंचा अख्खा घोळका यायचा, पण मधोमध एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडून तिच्याभोवती फिरत राहायचा. तिथं पडलेली पेंड भिजून बुडायची, पण एकही मासा तिला तोंड लावत नव्हता.

जागा तीच होती. उन्हाळ्यात पार्वतम्माची थोरली जाऊ शांताक्का बुडाली, ती तिथंच सापडली.

शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद भारी निसरडा. एकदा पाय घसरला की वर येणं नाही. म्हणून घरात नियमच होता, माशांना पेंड घालायला दोघींनी जायचं. एकीनं कमरेला दोर बांधून उतरायचं, दुसरीनं काठावरून तो धरायचा. त्या दुपारी शांताक्का एकटीच गेली. हट्टीच बाई, असं गाव म्हणालं आणि पार्वतम्माही खुशाल म्हणाली. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक. शांताक्काच्या शेळीनं पार्वतम्माच्या वाळत घातलेल्या कुरडया तुडवल्या, त्यावरून तिनं अबोला धरला होता. दोर धरायला चल म्हणून शांताक्कानं अंगणातून तीन हाका मारल्या आणि ही बया पाठ फिरवून गहू निवडत बसली. कुरडयांसाठी! आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं.

आज दोर धरायला शांताक्काची लेक आली होती, शिवप्रिया. पोरगी माशांचंच शिकत होती.

"हे असे घोळक्यानंच का गं फिरत्यात?" कमरेला गाठ मारत पार्वतम्मानं विचारलं.

"एकटा मासा बगळ्याच्या नजरंत भरतो, काकू. घोळक्यात नेमका कोणता धरावा, त्येला सुधरत न्हाय."

"आन् मधी जागा का सोडत्यात?"

"मधी कायतरी असलं, तरच सोडत्यात."

दोघींनी पाण्याकडं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं.

पार्वतम्मा उतरली. तिनं पेंड टाकली. मासे आले, फिरले, आणि ती मोकळी जागा हळूहळू काठाकडं सरकू लागली. थेट तिच्या पावलांपाशी येऊन थांबली.

"प्रिया, तुझी आय हट्टी नव्हती गं," ती पाण्याकडं बघतच बोलून गेली. "तिनं मला तीन हाका मारल्या. म्या रागानं उठलेच न्हाय."

वर बघायची तिची हिंमत होईना. दोर पोरीच्या हातात होता. तिनं तो सोडला असता, तरी पार्वतम्मानं तिला दोष दिला नसता.

दोर हलला नाही. वरून आवाज आला.

"मलाबी ऐकू आल्या हुत्या, काकू. मी माडीवरच हुते. तुमी जाल, असं वाटलं."