बसलेला ड्रॅगन

कपाटाच्या आरशासमोर उभं राहून सुनेने झाडू डोक्यावर उगारला, आ वासला, डोळे वटारले आणि मोबाइलवर फोटो निघेपर्यंत दहा सेकंद तशीच थांबली. नवव्या सेकंदाला सासरे दारात आले.

"झुरळ आहे का?"

"नाही, बाबा. ड्रॅगन आहे."

"मग झाडूने भागायचं नाही," म्हणत सासरे आत आले.

सून चित्रकार होती. जादूच्या दुनियेतल्या पत्त्यांच्या एका खेळासाठी तिला एक पत्ता काढायला मिळाला होता: किल्ल्याच्या दरवाजावर पहारा देणारा ड्रॅगन. कंपनीच्या कलादिग्दर्शिकेने तो तीनदा परत पाठवला. पहिल्यांदा 'भीती वाटत नाही', दुसऱ्यांदा 'अजूनही वाटत नाही', तिसऱ्यांदा नुसतंच 'हं'. आज पाचपर्यंत जमला नाही, तर हा पत्ता आणि त्यानंतरचे बारा पत्ते दुसऱ्या कुणाकडे जाणार होते. दर वेळी सुनेने दात वाढवले होते. आता तर ड्रॅगनला तोंड मिटायची सोय उरली नव्हती.

"पत्ते," सासरे म्हणाले. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. "तीस वर्षं पोरांच्या दप्तरांतून मी पत्ते जप्त केले."

"हे तसले पत्ते नाहीत, बाबा."

"पोरंही हेच म्हणायची."

त्यांनी वाकून संगणकाच्या पडद्यावरचं चित्र पाहिलं.

"हा एवढा ओरडतोय कशाला?"

"घाबरवतोय."

"ओरडणारा स्वतःच टरकलेला असतो. आमचे कवायतीचे मास्तर घसा फोडून ओरडायचे, आणि पोरं त्यांच्या पाठीवर कागद चिकटवायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

सासरे खुर्चीत बसले. चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसायला घेतली. सावकाश. मग दुसरी. मग परत पहिली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. सुनेच्या हातातला झाडू आपोआप खाली आला. आपला गुन्हा काय ते तिला आठवेना, पण कबूल करून मोकळं व्हावं असं मात्र फार वाटू लागलं.

"हलू नका हं, बाबा," ती म्हणाली आणि मोबाइलकडे धावली.

दुपारभर ती दात उपटत होती. पंख मिटले, जाळ विझवला, ड्रॅगनला दगडी खुर्चीत बसवलं आणि दोन नखांच्या चिमटीत इवलासा चष्मा दिला. पाचला दहा कमी असताना चित्र पाठवून ती नखं कुरतडत बसली.

तिला तसं पाहून सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"एक सांगतो. घरात कुणाला बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"चष्मा काढला की मला समोरचं काही दिसत नाही. पोराचा रडवेला चेहरा दिसला, की माझ्याच्याने शिक्षा व्हायची नाही. म्हणून ते आपणहून कबूल करेपर्यंत पुसत बसायचो."

"आणि नाही केलं तर?"

"काचा झिजल्या असत्या. दुसरं काय!"

पाच वाजून दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'आता वाटली भीती. चष्मा राहू दे. बाकीचे बारा उद्या पाठवते.' सुनेने झाडूसकट खोलीत एक गिरकी घेतली. सासऱ्यांनी पाय वर घेतले.

संध्याकाळी नवरा आला. दहा वर्षं तो वडिलांच्याच शाळेत शिकला होता. दारातच बूट भिरकावून तो आत आला, पडद्यापाशी गेला आणि थबकला. खांद्यावरची बॅग त्याने हळूच खाली ठेवली. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"कसा आहे?" सुनेने विचारलं.

"छान आहे. पण माझंच काहीतरी चुकल्यासारखं का वाटतंय गं?"

सुनेने खुर्चीकडे पाहिलं. उघडलेल्या वर्तमानपत्रामागे सासऱ्यांचे फक्त पाय दिसत होते.

"जमलाय ना, म्हणून," ती म्हणाली.

नवऱ्याने मान हलवली. मग कुणी काही न सांगता तो दारापर्यंत गेला, दोन्ही बूट उचलले आणि कपाटात जोडीने ठेवले.

वर्तमानपत्र जरासं हललं.