दोन एकतीसनंतरची नोंद

टेबलावर दोन पाकिटं होती. वरच्यावर कृष्णातचं नाव, खालच्यावर सुधीरचं. वरच्यात नोकरी गेल्याचं पत्र, खालच्यात नोकरी पक्की झाल्याचं. मॅनेजर चिटणीस साहेबांनी दोन्ही नावं दिसतील अशी ती मुद्दाम ठेवली होती. माणसं टांगणीला लावायची साहेबांना भारी हौस.

तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात काल दुपारी रंग शिजवायचा रिअ‍ॅक्टर तापला, आतली बॅच जळाली आणि हेल्पर शिवाचे दोन्ही हात भाजले. दोन चाळीसला लाइटही गेली. रिअ‍ॅक्टर गार ठेवणाऱ्या पाण्याचा दाब उतरला की कॉम्प्युटरवर नोंद करून मेंटेनन्सला कळवायचं, हे ऑपरेटरचं काम. ऑपरेटर होता कृष्णात, कोल्हापूरकडचा, कोपरखैरण्याला बिऱ्हाड केलेला.

“आईशप्पत साहेब, दोन अडतीसला म्या नोंद टाकली. ‘पाण्याचा दाब कमी’. पडद्यावर ‘नोंद झाली’ असं आलं बी. मग मेंटेनन्सला सांगाय पळालो, तवर लाइट गेली.”

“सुधीर, नोंदींची फाइल वाचा,” साहेब म्हणाले.

सुधीरने कंट्रोल केबिनमधल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. कालची शेवटची ओळ दोन एकतीसची होती, नुसतं तापमान. पुढे काहीच नव्हतं.

“म्हणजे हा झोपला होता. खेळ खलास,” साहेब म्हणाले.

नोंदींचा हा प्रोग्रॅम सुधीरनेच लिहिलेला, सी भाषेत. आधी प्रोग्रॅम प्रत्येक नोंद लिहिली की लगेच फाइल बंद करून पुन्हा उघडायचा, म्हणजे ओळ तिथल्या तिथे डिस्कवर जायची. पण त्यात पडदा क्षणभर अडायचा, आणि साहेब मागे लागले की ही बैलगाडी पळवा. सोमवारी सुधीरने ते बंद-उघड करणाऱ्या दोन ओळी काढून टाकल्या. आता नोंदी आधी मेमरीत साठत, पुरेशा झाल्या की एकदम डिस्कवर उतरत. मध्येच लाइट गेली, तर साठलेलं सगळं गेलं. पडदा मात्र ‘नोंद झाली’ म्हणून मोकळा. खोटं बोलायला त्याला सुधीरनेच शिकवलं होतं.

हे त्याच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं, कळायची सोयही नव्हती. नेरूळला हप्त्यावर नवा फ्लॅट घेतलेला, आणि बायकोला, वैशालीला, सातवा महिना होता. तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. भित्रा म्हणा हवं तर. त्याच्या जागी बसलेले किती जण बोलले असते?

साहेबांनी वरचं पाकीट पुढे सरकवलं. कृष्णातने त्याला हात लावला नाही. तो सुधीरकडे वळला.

“तुमी शिकलेली मानसं. तुमी सांगा, मशिन खोटं बोलतंय का मी?”

त्याचे डोळे भरले होते. सुधीरला ते बघवेना.

“साहेब, एक मिनिट,” तो म्हणाला. त्याने प्रोग्रॅम सुरू केला आणि कीबोर्ड साहेबांपुढे ठेवला. “यात एक नोंद टाका. काहीही.”

“हा काय चावटपणा?”

“टाका, साहेब. प्लीज.”

साहेबांनी दोन बोटांनी टाइप केलं, ‘चिटणीस हजर’. पडद्यावर उमटलं, ‘नोंद झाली’.

सुधीर वाकला आणि त्याने प्लग खेचला. पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केलेलं मशिन सावकाश आकडे मोजत उठलं. सुधीरने फाइल उघडली. शेवटची ओळ कालच्या दोन एकतीसचीच.

“तुम्ही आत्ता इथे बसून नोंद केलीत, साहेब. फाइल म्हणते, तुम्ही आलाच नाहीत.”

साहेबांनी खुर्ची पुढे ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

“आधी असं नव्हतं. कुणी बदललं?”

“मी. सोमवारी. नीट तपासून न बघता. मेंटेनन्सला विचारा, हा पळत आला होता का ते.”

साहेबांनी फोन लावला, दोन वाक्यं ऐकली आणि ठेवला. मग त्यांनी दोन्ही पाकिटं उचलली, एकावर एक धरली आणि मधोमध फाडली.

“प्रोग्रॅम आजच्या आज दुरुस्त करा. मग मला भेटा,” एवढं बोलून ते निघून गेले.

कृष्णात जमिनीवर पडलेले तुकडे गोळा करायला लागला.

“माझं एक कळलं. दुसरं कशाचं व्हतं ओ?”

“काही नाही, माझंच होतं,” सुधीर म्हणाला, आणि काढलेल्या दोन ओळी परत लिहायला बसला.